किसासात गर्दीला वाटा नाही : ‘शरियासारखा कायदा आणा’ म्हणणाऱ्यांना खुले पत्र

माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका पक्षाला किंवा संघटनेला नाही. कुठे एखाद्या लेकीवर अत्याचार होतो, कुठे एखाद्या तरुणाला भररस्त्यात कोयत्याने तोडतात, आणि दुसऱ्या दिवशी मोर्चा निघतो. त्या मोर्चात ‘शरियासारखा कायदा आणा, चौकात हातपाय तोडा’ असा फलक धरणाऱ्या प्रत्येकाला हे पत्र आहे. २०१६ साली कोपर्डीच्या घटनेनंतर ही मागणी जाहीरपणे झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले तेव्हा त्यांना फाशी तिथल्या तिथे हवी होती. तुमच्या संतापावर मला शंका नाही. आमचे खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात, साक्षीदार फितूर होतात, आरोपी जामिनावर सुटून गावात मिरवतो, हे मी रोज बघते.

मी सोलापुरात फौजदारी वकिली करते आणि मी मुसलमान आहे. म्हणून तो फलक मला दोन्हीकडून टोचतो. माझ्या धर्मातलं एक नाव तुम्ही क्रौर्याचं माप म्हणून वापरता, हे एक. आणि ज्या कायद्याचं नाव घेता त्यात तुम्ही मागता ते नाहीच, हे दुसरं. जिवाच्या बदल्यात जीव, डोळ्याच्या बदल्यात डोळा, या तत्त्वाला इस्लामी कायद्यात किसास म्हणतात. त्याच्याबद्दल मला तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे. त्यातलं जे मला मोठं वाटतं ते सांगेन, आणि आज त्याच्या नावावर जे चालतं त्यातलं जे सहन होत नाही तेही लपवणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ज्या गुन्ह्यासाठी तुम्ही बहुतेक वेळा हा फलक उचलता, तो बलात्कार, किसासमध्ये येतच नाही. किसास फक्त जीव घेणं आणि शरीराला इजा करणं एवढ्यापुरता आहे. बलात्काराचा विचार इस्लामी विधिशास्त्रज्ञांनी कधी व्यभिचाराच्या प्रकरणात केला, कधी दरोडेखोरीच्या. पहिल्या वाटेने गेलं की काय होतं ते पाकिस्तानने दाखवलं. १९७९ साली जनरल झिया-उल-हक यांनी हुदूद, म्हणजे धर्माने ठरवून दिलेल्या शिक्षांचे, अध्यादेश आणले. सर्वांत कडक शिक्षेसाठी चार सज्जन मुसलमान पुरुषांनी गुन्हा प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेला असणं बंधनकारक झालं. असे चार साक्षीदार कुठून यायचे? आणि बाई गरोदर राहिली तर ते तिच्याच व्यभिचाराचा पुरावा म्हणून पुढे यायचं. एका अंध मुलीच्या बाबतीत हेच घडलं. तिने ज्यांच्यावर आरोप केला ते सुटले, आणि खालच्या कोर्टाने तिलाच कैद आणि फटक्यांची शिक्षा दिली. देशभर गदारोळ झाला, मग १९८३ साली फेडरल शरियत कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. बलात्काराचा गुन्हा तिथे पुन्हा साध्या दंडसंहितेत यायला २००६ साल उजाडलं. शरियाने बायकांना झटपट न्याय मिळेल असं ज्यांना वाटतं त्यांनी ही सत्तावीस वर्षं वाचावीत.

आता किसासकडे येते.

इस्लामपूर्व अरबस्तानात खुनाला एकच उत्तर होतं, सूड. त्या सुडाला ना माप होतं ना शेवट. बक्र आणि तगलिब या दोन टोळ्यांचं वैर बसूस नावाच्या बाईच्या पाहुण्याच्या उंटिणीवरून पेटलं आणि चाळीस वर्षं चाललं, असं अरब परंपरा सांगते. तुमच्या टोळीने आमचा एक साधा माणूस मारला तर आम्ही तुमचा सरदार मारणार. आमचा गुलाम मारलात तर तुमचा स्वतंत्र माणूस मारणार, एकाला दोन मारणार. मारणारा कोण होता याच्याशी कुणाला देणंघेणं नसायचं. त्याच्या टोळीतला कुणीही सापडला तरी चालायचं. भाऊबंदकीत आणि बांधाच्या भांडणात पिढ्यान्‌पिढ्या घालवलेली घरं आपल्याकडेही आहेत, तेव्हा हे फार लांबचं नाही.

या समाजाला कुराणाने जे सांगितलं ते दुसऱ्या सूरहच्या, म्हणजे अध्यायाच्या, १७८ आणि १७९ या आयतींत, म्हणजे वचनांत, आहे. स्वतंत्र माणसाच्या बदल्यात तोच स्वतंत्र माणूस, गुलामाच्या बदल्यात तोच गुलाम, स्त्रीच्या बदल्यात तीच स्त्री. म्हणजे ज्याने केलं त्यानेच भरायचं आणि एकाला एकच. आणि त्याच श्वासात पुढे येतं की, ज्याला त्याच्या भावाकडून काही माफ झालं, त्याच्याकडे मागणी रीतीने करावी आणि त्याने ती चांगुलपणाने चुकती करावी. ही तुमच्या रबकडून, म्हणजे परमेश्वराकडून, मिळालेली सवलत आणि दया आहे. इथे भाऊ कोण, ते बघा. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला त्याला कुराण खुन्याचा भाऊ म्हणतं. रक्त अजून वाळलं नसताना हे नातं काढायची हिंमत मला आमच्या कुठल्याही दंडसंहितेत दिसली नाही.

सतराव्या सूरहच्या ३३ व्या आयतीत तर थेट सांगितलं आहे. अन्यायाने मारल्या गेलेल्याच्या वारसाला आम्ही अधिकार दिला आहे, पण त्याने मारण्यात अतिरेक करू नये. शास्त्रज्ञांनी या आयतीवरून पुढे पुष्कळ नियम काढले. गुन्हा शाबित झाल्याशिवाय नाही, काझीच्या निकालाशिवाय नाही, खुन्याच्या भावाला नाही, बापाला नाही, छळ करून नाही. मारेकरी बाई गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत आणि मूल अंगावर पिणारं असेल तोवर नाही. वारसांपैकी एकाने जरी माफ केलं तरी बहुतेक मतांनुसार देहदंड टळतो आणि उरलेल्यांना दियत, म्हणजे जिवाची भरपाई, घ्यावी लागते. दहा वारसांतल्या नऊ जणांना फाशी हवी आहे आणि दहाव्या म्हातारीला नको आहे, तर म्हातारीचं चालतं. आपल्या संतापात अशी जागा कुठे असते?

पैगंबरसाहेबांच्या आयुष्यातल्या दोन घटना सांगते. उहुदच्या लढाईत त्यांचे चुलते हजरत हमजा मारले गेले आणि त्यांच्या प्रेताची विटंबना झाली. ते पाहून पैगंबरांच्या तोंडून निघालं की मी शत्रूच्या कित्येकांची अशीच गत करीन. परंपरा सांगते की सोळाव्या सूरहची १२६ वी आयत त्या प्रसंगी उतरली. शिक्षा करायचीच तर जेवढं तुमच्याशी झालं तेवढीच करा, आणि सबुरी धरलीत तर सबुरी धरणाऱ्यांसाठी ते जास्त चांगलं. पैगंबरांनी सबुरी धरली आणि प्रेताची विटंबना कायमची मना केली. हमजांना भाला मारणारा वहशी पुढे मुसलमान होऊन समोर आला, तेव्हा त्यालाही मारलं नाही. फक्त एवढंच सांगितलं की जमलं तर माझ्या नजरेसमोर येत जाऊ नकोस. मला या घटनेतलं हे शेवटचं वाक्य फार खरं वाटतं. माफ केलं म्हणजे दुःख संपलं, असा आव त्यात नाही.

दुसरी घटना ६३२ सालची, अखेरच्या हजच्या प्रवचनातली. अज्ञानकाळातली, म्हणजे इस्लामपूर्व काळातली, सगळी रक्ताची देणी आजपासून रद्द, असं त्यांनी हजारो लोकांसमोर जाहीर केलं आणि पहिलं देणं स्वतःच्या घराण्यातलं सोडलं. चुलतभावाच्या तान्ह्या मुलाला हुजैल टोळीच्या हातून मरण आलं होतं, त्याचं ते देणं होतं. जुनी वैरं मिटवायची तर सुरुवात आपल्या घरातल्या मयतापासून. त्यांचे सेवक अनस सांगतात की किसासचं कुठलंही प्रकरण पैगंबरांपुढे आलं आणि त्यांनी माफीची शिफारस केली नाही, असं मी कधी पाहिलं नाही. शिफारस करायचे, हुकूम नव्हे. कारण माफी त्यांच्या हातातली नव्हती.

किसासचा गाभा मला इथे दिसतो. सूड घ्यायचा की सोडायचा, हा हक्क मयताच्या वारसाचा. त्याला वली म्हणतात. राजाचा तो हक्क नाही, काझीचा नाही, पैगंबरांचाही नाही. आणि चौकात जमलेल्या गर्दीचा तर मुळीच नाही. तुम्ही फलकावर जे मागता त्यात मारण्याचा निर्णय तुमचा असतो, वेळ तुमची, जागा तुमची. किसासात तुम्हाला काडीचा वाटा नाही.

आमच्याकडे याच्या अगदी उलट आहे. खटल्याचं नाव असतं ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’. मयताची आई त्या खटल्यात एक साक्षीदार असते. माझ्याकडे अशी एक बाई यायची, तिच्या मुलाला मित्रांनी पैशाच्या वादात मारलं होतं. प्रत्येक तारखेला ती कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून असायची, डबा सोबत. साक्ष दोनदा पुढे ढकलली गेली. एकदा सरकारी वकील बदलले ते तिला शिपायाकडून कळलं. शेवटी साक्ष झाली ती वीस मिनिटांत. प्रेत ओळखलंत का, कपडे ओळखलेत का, आरोपीला आधी पाहिलं होतं का. बस. तिला आरोपीकडे बघून काहीतरी बोलायचं होतं. न्यायाधीशांनी सौम्यपणे थांबवलं, ते रेकॉर्डवर घेता येत नाही म्हणाले. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, ‘‘पोरगा माझा होता ना?’’ त्या प्रश्नाचं उत्तर किसासमध्ये आहे, असं मी छातीठोकपणे सांगते. तिथे ती खटल्याची मालकीण असती.

हे आपल्या मातीत कधी नव्हतंच असंही नाही. मराठेशाहीच्या कागदांत मुंडकटाई येते, मारल्या गेलेल्याच्या वारसांना भरपाई म्हणून मिळालेली जमीन. तिकडे बंगालमध्ये कंपनी सरकारच्या सुरुवातीला फौजदारी कायदा इस्लामीच होता. तेव्हाचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याने १७९० साली वारसांचा माफीचा हक्क काढून घेतला. त्याचं म्हणणं असं की वारस माफ करतात आणि खुनी मोकळे सुटतात. मग १८६० ची दंडसंहिता आली, खून हा सरकारविरुद्धचा गुन्हा झाला आणि आईच्या वाट्याला बाकडं आलं. कॉर्नवॉलिसचं म्हणणं मला पूर्ण खोटं ठरवता येत नाही. तो ज्याला घाबरत होता ते दोनशे वर्षांनी खरंच घडलेलं मी पुढे सांगणार आहे.

त्याआधी इराणकडे जाऊ. तिथे किसास आजही कायदा आहे आणि फाशीच्या वेळी मयताचं कुटुंब हजर असतं. एप्रिल २०१४ मध्ये माझंदरान प्रांतातल्या नूर गावात एका तरुणाला फासावर नेलं. सात वर्षांपूर्वी रस्त्यातल्या मारामारीत त्याने चाकू मारून एका अठरा वर्षांच्या मुलाचा जीव घेतला होता. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात फास, पायाखाली खुर्ची. समोर गर्दी, गर्दीत त्याची आई. मयताच्या आईला पुढे बोलावलं. या बाईने आणखी एक मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गमावलेला होता. ती वर गेली आणि तिने त्या पोराच्या कानाखाली जोरात वाजवली. मग तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून त्याच्या गळ्यातला फास काढला. थोड्या वेळाने मारणाऱ्याची आई आणि मेलेल्याची आई कुंपणाशी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. याचे फोटो जगभर गेले. पुढे ती आई म्हणाली की त्या एका थपडेने तिच्या आत साचलेलं सगळं ओसरलं.

ती थप्पड आमच्या कोर्टात रेकॉर्डवर घेता येणार नाही. पण तिच्यावाचून ती माफी आली असती का?

याच इराणमध्ये दुसरी एक तरुणी. २००४ साली तेहरानमध्ये लग्नाला नकार दिला म्हणून एकाने तिच्या तोंडावर ॲसिड फेकलं. दोन्ही डोळे गेले, चेहरा गेला. २००८ साली कोर्टाने किसास मान्य केला, म्हणजे त्याच्याही डोळ्यांत ॲसिडचे थेंब. पण आधी तिला सांगण्यात आलं की बाईचं मोल पुरुषाच्या निम्मं, तेव्हा तुला त्याचा एकच डोळा मिळेल. तिने झगडून दोन्ही डोळ्यांचा हक्क मिळवला, आणि २०११ च्या जुलैअखेर इस्पितळात, तो भुलीसाठी तयार असताना, त्याला सोडून दिलं. तिच्या मोठेपणापुढे मी नतमस्तक आहे. पण त्या ‘एकच डोळा’ला काय म्हणू? आजही इराणच्या दंडसंहितेत बाईचा खून पुरुषाने केला तर तिच्या घरच्यांना किसास हवा असल्यास आधी अर्धी दियत स्वतः भरावी लागते. बापाने पोटच्या मुलाला मारलं तर बापाला किसास लागूच नाही. मे २०२० मध्ये गिलान प्रांतात तालेशच्या बाजूला एका बापाने चौदा वर्षांच्या मुलीला झोपेत विळ्याने मारलं, कारण ती एका तरुणाबरोबर पळून गेली होती. बापाला नऊ वर्षांची कैद झाली. आईला त्याची फाशी हवी होती. आईच्या हक्काचं काही झालं नाही.

कुराणात दियतीचा दर बाई-पुरुषाप्रमाणे वेगळा सांगितलेला नाही. निम्म्याचा नियम पुढच्या शास्त्रज्ञांनी बसवला, आणि त्यांच्यातल्या काहींनी, उदाहरणार्थ अबू बक्र अल-असम्म यांनी, त्याच काळात तो नाकारला. म्हणून हा आमच्या धर्माचा अटळ भाग आहे असं कुणी मला सांगू लागलं तर मी ते मानत नाही. बापाच्या सुटकेबद्दलही एकमत नव्हतं. मदीनेचे इमाम मालिक यांचं मत होतं की बापाने मुलाला आडवं पाडून गळा चिरला, म्हणजे हेतूबद्दल शंकाच राहिली नाही, तर त्यालाही किसास लागू होतो. तालेशचं प्रकरण त्यांच्यापुढे आलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला वकील लागत नाही.

कॉर्नवॉलिसची भीती सर्वांत जास्त खरी ठरली ती पाकिस्तानात. १९४७ नंतर त्यांच्याकडेही १८६० चीच दंडसंहिता होती, खुनाचं कलमही आपलंच, ३०२. सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत पीठाने १९८९ मध्ये सांगितलं की खुनाचा कायदा इस्लामला धरून नाही, आणि १९९० च्या सप्टेंबरात किसास व दियतीचा अध्यादेश आला. १९९७ मध्ये संसदेने त्याचा कायमचा कायदा केला. वारस माफ करू शकतात किंवा पैसे घेऊन तडजोड करू शकतात. दियतीची किमान रक्कम ३०,६३० ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी. कागदावर हे सगळं कुराणाला धरून होतं.

पण खून घरातच झाला असेल तर? एप्रिल १९९९ मध्ये लाहोरमध्ये एका वकिलाच्या ऑफिसात एका तरुणीला गोळी घातली. नवऱ्याच्या छळाला कंटाळून ती घटस्फोटासाठी आली होती. मारेकरी तिच्या आईबरोबर आला होता. आईला भेटायचं म्हणूनच तिने दार उघडू दिलं. मारेकरी तिथेच मारला गेला, पण ज्यांनी त्याला आणलं त्यांच्यातल्या कुणालाही शिक्षा झाली नाही. वारस तेच, गुन्हेगार तेच, माफ करणारे तेच. २०१६ च्या जुलैमध्ये मुलतानला सोशल मीडियावर गाजलेल्या कंदील बलोचला तिच्या भावाने गळा दाबून मारलं. लोक इतके संतापले की ऑक्टोबरमध्ये संसदेने कायदा बदलला : इज्जतीच्या नावाखाली खून असेल तर घरच्यांनी माफ केलं तरी जन्मठेप. २०१९ मध्ये भावाला जन्मठेप झालीही. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये लाहोर हायकोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. साक्षीदार फिरले होते आणि आईने माफ केलं होतं. एकीकडे मुलीचं मढं आणि दुसरीकडे जिवंत मुलगा, त्यात नवऱ्याचं, शेजाऱ्यांचं, नातेवाइकांचं दडपण. ही माफी कुठल्या आईने मोकळ्या मनाने दिली असेल?

पैशाचंही तसंच. जानेवारी २०११ मध्ये लाहोरमध्ये रेमंड डेव्हिस नावाच्या अमेरिकन हेराने भररस्त्यात दोघांना गोळ्या घातल्या. त्यातल्या एकाच्या तरुण बायकोने फेब्रुवारीत विष घेतलं. इस्पितळातल्या खाटेवरून ती म्हणाली की मला रक्ताच्या बदल्यात रक्त हवं, आणि ती गेली. मार्चमध्ये बंद दाराआड कोर्ट बसलं, वारसांना वीस लाख डॉलरांहून जास्त रक्कम मिळाली, सगळ्यांनी माफीवर सह्या केल्या आणि डेव्हिस त्याच दिवशी देशाबाहेर गेला. तिची सही घ्यायला ती नव्हती.

मी हे सगळं वाचते तेव्हा मला हजरत उमर यांचा एक निवाडा आठवतो. बनू मुदलिज टोळीतल्या एका बापाने रागात मुलावर तलवार फेकली, ती पायाला लागली आणि मुलगा रक्तस्रावाने मेला. उमर यांनी बापाकडून शंभर उंट वसूल केले. मग विचारलं, मयताचा भाऊ कुठे आहे? उंट भावाच्या हाती दिले आणि म्हणाले, पैगंबरांनी सांगितलं आहे की मारणाऱ्याला काहीही मिळत नाही. चौदाशे वर्षांपूर्वी खलिफाला जे कळलं ते इस्लामाबादच्या आणि तेहरानच्या कायदे करणाऱ्यांना का कळू नये? मारणाऱ्याला ना वारसा मिळावा, ना दियत, आणि माफी देणाऱ्याच्या जागेवर बसण्याचा हक्क तर मुळीच नाही. ज्याने मारायला माणूस धाडला तो त्या मयताचा वली कसा? हे इस्लामविरुद्ध बोलणं नाही. मी इस्लामच्याच बाजूने बोलते आहे.

यावर उपायही त्याच परंपरेत आहे. गुन्ह्यात एक हक्क वारसाचा असतो आणि एक समाजाचा. वारसाने आपला सोडला तरी समाजाचा उरतो. सौदी अरेबियात हे आजही चालतं. कोळिकोडचा एक ड्रायव्हर, त्याच्या सांभाळातला अपंग मुलगा २००६ मध्ये दगावला म्हणून मृत्युदंडाच्या शिक्षेत अडकला होता. वारसांनी दीड कोटी रियाल दियत मान्य केली. केरळमधल्या लोकांनी २०२४ च्या एप्रिलपर्यंत ३४ कोटी रुपये गोळा केले, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांनी. मृत्युदंड रद्द झाला. पण समाजाच्या हक्कापोटी कोर्टाने २०२५ मध्ये त्याला वीस वर्षांची कैद सांगितली, त्यातली बहुतेक त्याने आधीच भोगलेली होती. येमेनमध्ये मृत्युदंड झालेली पालक्काडची नर्स निमिषा प्रिया, तिची १६ जुलै २०२५ ला ठरलेली फाशी पुढे ढकलली गेली ती अशाच बोलण्यांमुळे. त्या आठवड्यात माझ्या फोनवर जे लोक ‘तिच्या आईचा विचार करा, मयताच्या घरच्यांनी मोठं मन करावं’ असं लिहीत होते, त्यांतल्या काहींनीच बदलापूरच्या वेळी चौकातली फाशी मागितली होती. मी त्यांना दोष देत नाही. आपलं माणूस फासाखाली उभं असलं की प्रत्येकाला माफीचं दार उघडं हवं असतं. ते दार किसासमध्ये आहे, तुमच्या फलकावरच्या कायद्यात नाही.

म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. शरियाचं नाव घ्यायचं सोडा, आणि घ्यायचंच असेल तर त्यातलं ते मागा जे आपल्या कोर्टात खरोखर कमी आहे. मयताच्या आणि पीडितेच्या घरच्यांना खटल्यात जागा मागा. कायद्यात ती आता थोडीफार आहे, पण कुणी वापरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात सांगितलं की पीडितांना तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर, जामिनाच्या वेळीसुद्धा, म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तपास कुठवर आला हे पोलिसांनी पीडितांना ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आधी त्यांचं ऐकायचं असतं. बलात्कार आणि ॲसिडहल्ल्याच्या पीडितांना राज्याच्या मनोधैर्य योजनेत मदत मिळायची असते. किती घरांना हे माहीत आहे? तुमच्या मोर्चात हजार माणसं येतात. त्यातली दहा जरी त्या घरासोबत प्रत्येक तारखेला कोर्टात आली, साक्षीदाराच्या शेजारी उभी राहिली, तर कितीतरी साक्षीदार फितूर होणार नाहीत.

आणि पोलिसांच्या गोळीने आरोपी मेला की पेढे वाटणं थांबवा. २०१९ च्या डिसेंबरात हैदराबादला एका तरुणीच्या बलात्कार-खुनाचे चार आरोपी चकमकीत मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने पुढे त्या चकमकीची कहाणी खोटी ठरवली. किसासच्या हिशेबात बघाल तर त्या मुलीच्या आईबापांकडूनही त्यांचा हक्क काढून घेतला गेला : गुन्हेगार खरोखर हेच होते, हे शाबित झालेलं ऐकण्याचा हक्क.

तुमच्या गावात असा एखादा खटला चालू असेल आणि त्या घराला तपासाची प्रगती कळत नसेल, तर तपास अधिकाऱ्याच्या नावाने साधा लेखी अर्ज करा, पोच घ्या, उत्तर आलं नाही तर पोलीस अधीक्षकांकडे जा. जामिनाच्या अर्जाच्या वेळी म्हणणं मांडायचं असेल तर त्या तारखेच्या आधी वकीलपत्र दाखल केलेलं बरं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. सोलापूर जिल्ह्यातलं कुणी असेल तर अर्जाचा मसुदा मी करून देईन, पैसे घेणार नाही.

आपली,
एक फौजदारी वकील, सोलापूर